अठरा वर्षांचा दुष्काळ आणि दोनदा नेमलेला प्रशिक्षक : आंखेल लाब्रुना आणि रिव्हर प्लेट

ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट क्लबने १९५७ साली अर्जेंटिनाची साखळी स्पर्धा जिंकली. पुढचं विजेतेपद मिळालं १९७५ मध्ये. मधल्या काळात क्लब गरीब झाला नव्हता आणि चांगल्या खेळाडूंचीही वाण नव्हती. क्लबचं मोनुमेंताल मैदान भरत होतं, बहुतेक हंगामांत संघ पहिल्या चार-पाचांत असायचा, आणि ऐन मोक्याला माती खायचा. १९५७च्या विजयात डाव्या बाजूचा आतला आघाडीवीर म्हणून खेळलेला माणूस १९७५ मध्ये प्रशिक्षकाच्या बाकावर होता. तो आंखेल अमादेओ लाब्रुना.

ही गोष्ट बहुधा ‘घरचा माणूस परतला आणि शाप सुटला’ अशा थाटात सांगितली जाते. मला ती तशी पटत नाही, कारण घरचा माणूस त्याआधीही एकदा परतला होता. १९६८ ते १९७० या काळात लाब्रुनाच रिव्हरचा प्रशिक्षक होता आणि तेव्हा विजेतेपद वारंवार हातातोंडाशी येऊन निसटलं. माणूस तोच आणि क्लबही तोच, मग पहिल्या खेपेला जे जमलं नाही ते दुसऱ्या खेपेला कसं जमलं, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

खेळाडू लाब्रुना

लाब्रुनाचा जन्म २८ सप्टेंबर १९१८ रोजी ब्युनोस आयर्समध्ये झाला. वडील इटालियन वंशाचे, घड्याळं दुरुस्त करणारे. पोरगा लहानपणापासून रिव्हरच्या मैदानावर पडीक असायचा. १९३९ साली क्लबच्या कारभाऱ्यांनी होसे मानुएल मोरेनो या बड्या खेळाडूला, मनापासून खेळला नाही असा ठपका ठेवून निलंबित केलं. सहकाऱ्यांनी त्याच्या बाजूने संप पुकारला आणि क्लबला उरलेला हंगाम पोरासोरांना घेऊन रेटावा लागला. लाब्रुना पहिल्या संघात आला तो याच वर्षी. हा संप ध्यानात ठेवा, छत्तीस वर्षांनी दुसरा एक संप या गोष्टीत येणार आहे.

मग आली ती रिव्हरची गाजलेली आघाडीची फळी : मुन्योझ, मोरेनो, पेदेर्नेरा, लाब्रुना, लोउस्ताउ. १९४२ मध्ये चाकारिताला ६-२ ने धूळ चारल्यावर ‘एल ग्राफिको’ या क्रीडासाप्ताहिकातल्या बोरोकोतो या पत्रकाराने तिला ‘यंत्र’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. गंमत अशी, की हे पाचही जण एकत्र असे मोजून अठरा सामनेच खेळले. दंतकथेला तेवढे पुरले.

पाचांपैकी गोल करण्याचं काम मुख्यतः लाब्रुनाचं. पेदेर्नेरा खाली येऊन खेळ रचायचा, लोउस्ताउ कडेने धावायचा आणि लाब्रुना नेमका जिथे चेंडू पडणार तिथे हजर असायचा. दिसायला देखणा नाही म्हणून त्याला ‘एल फेओ’, म्हणजे कुरूप, म्हणत. त्याने ते कधी मनावर घेतल्याचं दिसत नाही. १९४३ आणि १९४५ मध्ये साखळीत सर्वाधिक गोल त्याचेच होते. रिव्हरसाठी साखळीत त्याने २९३ गोल केले. अर्जेंटिनाच्या पहिल्या श्रेणीच्या इतिहासात त्याच्या बरोबरीला फक्त इंदिपेंदियेंतेचा पाराग्वायन खेळाडू आर्सेनियो एरिको येतो. शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी क्लब बोका ज्युनियर्स, त्याच्याविरुद्ध लाब्रुनाचे १६ गोल आहेत, आणि दोन्ही क्लबांकडून विचार केला तरी या लढतीतला तो विक्रम आहे. बोकाच्या मैदानात शिरताना तो प्रेक्षकांसमोर मुद्दाम नाक दाबून चालायचा, वास येतोय असं दाखवत. पुढे प्रशिक्षक झाल्यावरही त्याची ही खोड गेली नाही.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिनात खेळाडूंचा मोठा संप झाला. दि स्तेफानो, पेदेर्नेरा, रोस्सी यांच्यासारखे खेळाडू पैशांसाठी कोलंबियाला गेले. लाब्रुना राहिला. १९४१, ४२, ४५, ४७, ५२, ५३, ५५, ५६ आणि ५७ अशी नऊ विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. मोरेनो आणि पेदेर्नेराच्या पिढीसोबत सुरू झालेली कारकीर्द ओमार सिवोरी या पोरसवदा जादूगारासोबत संपत आली होती.

दुष्काळ कसा पडला

१९५७ साली अर्जेंटिनाने लिमामध्ये दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद थाटात जिंकलं. त्या संघाच्या आघाडीतले सिवोरी, मास्कियो आणि आंजेलियो हे तिघंही लगोलग इटलीतल्या क्लबांनी उचलले. सिवोरी रिव्हरचा होता. युव्हेंतुसने त्याच्यासाठी एक कोटी पेसो मोजले. तेव्हा मोनुमेंतालचा आकार घोड्याच्या नालासारखा होता, एक बाजू उघडी. या पैशातून ती बाजू बांधून काढण्यात आली आणि आज त्या स्टँडला सिवोरीचं नाव आहे. खेळाडू विकून मैदान पुरं केलं, असा हा सरळ व्यवहार. मैदान आजही उभं आहे. विजेतेपदं मात्र थांबली.

राष्ट्रीय संघाचीही तीच गत. परदेशात गेलेल्यांना बोलवायचं नाही असं ठरल्यामुळे १९५८च्या विश्वचषकासाठी स्वीडनला जाताना आघाडीत माणसं कमी पडली आणि चाळिशीला टेकलेल्या लाब्रुनाला बोलावणं आलं. उत्तर आयर्लंडवर ३-१ असा विजय मिळाला. मग हेलसिंगबोर्गमध्ये चेकोस्लोव्हाकियाने ६-१ असा धुव्वा उडवला. लाब्रुना दोन्ही सामन्यांत होता. वयाच्या ३९व्या वर्षी विश्वचषकात उतरणं हा पराक्रम म्हणावा की संघाच्या दिवाळ्याचा पुरावा? मला वाटतं, दोन्ही.

१९५९ मध्ये रिव्हरशी त्याचं नातं तुटलं. नंतर उरुग्वायमध्ये राम्प्ला ज्युनियर्स, चिलीत रेंजर्स आणि घरी प्लातेन्से असा थोडा काळ खेळून त्याने बूट टांगले.

त्याच्या माघारी रिव्हरच्या पदरी एकेक जखम पडत गेली. ९ डिसेंबर १९६२. बोकाच्या मैदानावर रिव्हर एका गोलने मागे आहे, अखेरची काही मिनिटं उरली आहेत आणि रिव्हरला पेनल्टी मिळते. ब्राझिलियन देलेमने ती मारली, बोकाचा गोलरक्षक रोमा पुढे सरकला आणि त्याने ती अडवली. तो रेषेपासून किती पुढे आला होता यावर रिव्हरचे म्हातारे आजही हुज्जत घालतात. पंचांनी काही पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली नाही.

१९६६ ची जखम याहून खोल. कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचा निर्णायक सामना चिलीच्या सान्तियागोत, समोर उरुग्वायचा पेन्यारोल. मध्यंतराला रिव्हर २-० ने पुढे. सामना संपला तेव्हा आकडा होता ४-२, पेन्यारोलच्या बाजूने, जादा वेळेत. त्यानंतरच्या साखळी सामन्यात बानफिल्डच्या प्रेक्षकांनी एक पांढरी कोंबडी मैदानात सोडली, तिच्या अंगावर रिव्हरच्या जर्सीसारखा तांबडा पट्टा. भित्रे, अवसान गळणारे, कोंबडीच्या काळजाचे! तेव्हापासून रिव्हरवाल्यांना ‘कोंबड्या’ म्हणायची रीत पडली. त्या संघाचा प्रशिक्षक कोण होता, तर रेनातो चेसारिनी. ‘यंत्रा’च्या जडणघडणीत ज्याचा हात होता तोच. म्हणजे घरचा माणूस तेव्हाही बाकावर होताच.

पहिली खेप

प्रशिक्षक म्हणून लाब्रुनाने धडे गिरवले ते लहान क्लबांत. १९६७ च्या मेत्रोपोलितानो स्पर्धेत त्याने प्लातेन्सेला उपांत्य फेरीपर्यंत नेलं. तिथे प्रशिक्षक सुबेल्दियाच्या एस्तुदियांतेसशी गाठ पडली. प्लातेन्से ३-१ ने पुढे होता आणि ३-४ ने हरला. या सामन्याची आठवण अर्जेंटिनात एस्तुदियांतेसच्या उदयासाठी काढली जाते. लाब्रुनासाठी ती पुढच्या तीन वर्षांची झलक ठरली.

१९६७ पासून अर्जेंटिनात वर्षाला दोन विजेतेपदं असायची : मेत्रोपोलितानो आणि नासियोनाल. म्हणजे दुष्काळ संपवायची संधी वर्षातून दोनदा. रिव्हरला ती दोनदा घालवण्याचीही सोय झाली.

१९६८ च्या नासियोनालमध्ये रिव्हर, रासिंग आणि वेलेझ यांचे गुण सारखे झाले. तिघांत निर्णायक सामने ठेवले. रिव्हरने रासिंगला २-० ने हरवलं. मग सान लोरेन्सोच्या मैदानावर वेलेझशी सामना, आकडा १-१. रिव्हरचा हेडर गोलच्या रेषेवर पोचतो, गोलरक्षक हरलेला आहे आणि वेलेझचा बचावपटू गाय्यो चक्क हाताने चेंडू काढतो. मैदानातल्या सगळ्यांनी पाहिलं, पंच गियेर्मो निमो यांनी सोडून. पेनल्टी नाही. वेलेझने रासिंगला ४-२ ने नमवलं, गोलांच्या हिशेबात तो सरस ठरला आणि त्याच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद घेऊन गेला.

१९६९ च्या मेत्रोपोलितानोची अंतिम लढत चाकारिताशी. चाकारितासारख्या लहान क्लबाने रिव्हरला ४-१ असं धुतलं. इथे पंचांना बोल लावायला जागा नव्हती.

त्याच वर्षी डिसेंबरात नासियोनालचा शेवटचा सामना मोनुमेंतालवर, समोर बोका. बोकाला बरोबरी पुरे होती. मादुर्गाने बोकाचे दोन गोल केले, रिव्हरने दोन फेडले आणि तिथेच घोडं अडलं. बोकाचे खेळाडू विजेतेपदाची फेरी मारायला निघाले ते रिव्हरच्याच हिरवळीवर. तेव्हा गवताला पाणी घालायचे फवारे सोडण्यात आले. भिजत भिजत बोकाने फेरी पुरी केली. बोकाचा प्रशिक्षक होता आल्फ्रेदो दि स्तेफानो. १९४७ मध्ये पेदेर्नेराच्या जागी रिव्हरच्या आघाडीत आलेला, लाब्रुनाच्या शेजारी खेळून विजेता झालेला दि स्तेफानो! घरच्याच माणसाने घरात येऊन तोंडचा घास काढला.

१९७० च्या मेत्रोपोलितानोत तर इंदिपेंदियेंते आणि रिव्हर यांचे गुणही सारखे आणि गोलफरकही सारखा. केलेले गोल इंदिपेंदियेंतेचे जास्त, म्हणून विजेता तो. त्या साली लाब्रुनाची पहिली खेप संपली.

या खेपेत प्रशिक्षकाचं काय चुकलं, असं विचारलं तर एका मोठ्या चुकीवर बोट ठेवता येत नाही. संघ शेवटपर्यंत शर्यतीत राहत होता, म्हणजे रोजचं काम ठीक चाललं होतं. पण निर्णायक दिवशी मैदानात उतरणाऱ्यांपैकी अनेकांच्या पाठीवर मागच्या निर्णायक दिवसांचं ओझं होतं. आणि बाकावर बसलेला माणूस त्यांना धीर कसा देणार? तो नऊ विजेतेपदं मिळवून निवृत्त झाला होता. हरण्याची सवय लागलेल्या संघात राहणं म्हणजे काय, हे त्याला खेळाडू म्हणून कधी कळलंच नव्हतं. हे माझं अनुमान आहे, पण पुढे काय बदललं ते पाहिलं की ते बळावतं.

मधली वर्षं

लाब्रुना गेल्यावर रिव्हरने बाहेरचा माणूस आणला. ब्राझीलचा दिदी, १९५८ आणि १९६२ चा विश्वविजेता, १९७० च्या विश्वचषकात पेरूचा प्रशिक्षक. दिदीने एकही विजेतेपद मिळवलं नाही. पण त्याने एक काम केलं, ज्याचं श्रेय पुढे दुसऱ्याच्या खात्यात गेलं : क्लबच्या शाळेतल्या पोरांना पहिल्या संघात घेतलं. नोर्बेर्तो अलोन्सो, रेइनाल्दो मेर्लो, हुआन होसे लोपेस, कार्लोस मोरेते. यांतले बहुतेक तेव्हा विशीचेही नव्हते.

इकडे लाब्रुना रोसारिओला गेला. १९७१ ची नासियोनाल, संघ रोसारिओ सेंत्राल. तोवर राजधानी आणि ला प्लाता यांच्या बाहेरच्या एकाही क्लबाने देशाचं विजेतेपद मिळवलं नव्हतं. उपांत्य सामना सेंत्रालच्या गावातल्याच शत्रूशी, न्यूएल्सशी, आणि तो खेळला गेला ब्युनोस आयर्समध्ये, रिव्हरच्याच मोनुमेंतालवर. १९ डिसेंबर १९७१. उजवीकडून क्रॉस आला, आल्दो पेद्रो पोयने अंग झोकून दिलं आणि जमिनीला समांतर तरंगत डोक्याने गोल केला. १-० ! सेंत्रालचे चाहते आजही दर १९ डिसेंबरला जमून तो गोल नव्याने ‘करतात’. पोय म्हातारा झाला तरी उडी मारतच राहिला. अंतिम सामन्यात सान लोरेन्सोला २-१ ने हरवून लाब्रुना पहिल्यांदा प्रशिक्षक म्हणून विजेता झाला.

पुढे कोर्दोबाच्या तालयेरेसचंही काम त्याने केलं. राजधानीतल्या बड्या क्लबांच्या नजरेत नसलेल्या या मैदानांवर तो एक गोष्ट शिकला असावा. अडगळीतला खेळाडू मोठ्या सामन्यात कसा उभा राहतो आणि त्याच्यासाठी माणसं कशी निवडावी लागतात, ती. रिव्हरमध्ये असताना माणसं निवडण्याची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती. समोर असतील तीच रिव्हरची, आणि तीच उत्तम, असं धरून चाललं जायचं.

१९७५

त्या वर्षी लाब्रुना परत आला तेव्हा मागणी घेऊन आला. ब्राझीलच्या क्रुझेरोमधून बत्तीस वर्षांचा बचावपटू रोबेर्तो पेर्फुमो आणला गेला. हा रासिंगचा, १९६६ चा विजेता, १९६७ मध्ये लिबर्तादोरेस आणि आंतरखंडीय करंडक उंचावलेला. मधल्या फळीत मिगेल आंखेल राइमोंदो आला, इंदिपेंदियेंतेकडून लिबर्तादोरेस जिंकून. उजव्या कडेला पेद्रो गोन्सालेस आला. गोलमध्ये उबाल्दो फियोल आधीच होता, तोही मूळ रिव्हरचा नव्हे. रियाल माद्रिदहून परतलेला ऑस्कर मास डाव्या कडेला होता. बाकी दिदीची पोरं, जी आता पोरं राहिली नव्हती. आणि दानिएल पासारेला नावाचा एक तापट तरुण बचावपटू.

या यादीकडे नीट पाहिलं की काय झालं ते उलगडतं. पेर्फुमो आणि राइमोंदो यांचा सान्तियागोच्या त्या रात्रीशी काही संबंध नव्हता. देलेमची पेनल्टी, गाय्योचा हात, फवाऱ्याखालची फेरी, यातलं काहीच त्यांच्या अंगावर आलेलं नव्हतं. उलट त्यांना चषक उंचावायची सवय होती. पेर्फुमो मागे उभा राहून बोलत असला की समोरचा वीस वर्षांचा पोरगा घाबरायला विसरायचा. लाब्रुनाने डावपेचांत क्रांती वगैरे काही केली नाही. त्याचं खेळावरचं बोलणं थोडकं आणि साधं असायचं, आणि संध्याकाळी त्याचा जीव घोड्यांच्या शर्यतीत रमायचा. त्याने संघात शांत डोकी भरली, एवढंच.

मेत्रोपोलितानोत वीस संघ आणि अडतीस फेऱ्या होत्या. रिव्हरने जोरात सुरुवात केली, आघाडी घेतली आणि मग मधेच गाडी घसरली. उराकान मागून येऊ लागला. जुने चाहते मान हलवू लागले. देशही तसा स्वस्थ नव्हता. इसाबेल पेरोन अध्यक्ष होत्या. जूनमध्ये अर्थमंत्री सेलेस्तिनो रोद्रिगो यांनी चलनाचं मोठं अवमूल्यन केलं, भाव भडकले आणि कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या लाटेत फुटबॉलपटूंच्या संघटनेनेही आपल्या हक्कांसाठी हत्यार उपसलं. त्याच वर्षी त्यांना सामूहिक करारही मिळाला. पण त्याआधी, ऑगस्टमध्ये, संप झाला.

म्हणजे परिस्थिती अशी : अठरा वर्षांचा दुष्काळ, स्पर्धा संपायला दोन फेऱ्या बाकी, एक विजय मिळाला तर विजेतेपद, आणि पेर्फुमो, फियोल, अलोन्सो, मास सगळे संपावर. लाब्रुनाने निवडून, जमवून, धीर देऊन उभा केलेला संघ ऐन दिवशी मैदानातच नाही.

१४ ऑगस्ट १९७५, गुरुवार, लिनिएर्समधलं वेलेझचं मैदान, समोर आर्खेंतिनोस ज्युनियर्स. दोन्हीकडून पोरंच खेळली. रिव्हरच्या त्या अकरांपैकी बहुतेकांची नावं त्या दिवशी पहिल्यांदाच स्टँडमध्ये ऐकली गेली असतील. मैदान तरी खचाखच भरलेलं. सामना काही देखणा नव्हता. दुसऱ्या अर्धात रुबेन ब्रुनो नावाच्या पोराने चेंडू जाळ्यात घातला आणि १-० या आकड्यावर अठरा वर्षं संपली. ब्रुनोचं पुढे मोठं नाव झालं नाही. रिव्हरच्या कुणाही चाहत्याला मात्र त्याचं नाव विचारा, क्षणाचाही विलंब लागत नाही.

लाब्रुना स्वतः पहिल्या संघात आला तेव्हाही संप होता आणि मैदानात पोरंच होती. असे योगायोग मला सहसा भावत नाहीत, पण हा टाळता येत नाही.

हा विजय लाब्रुनाचा नव्हेच, पोरांनी मिळवला, असा एक सूर अधूनमधून निघतो. तो हिशेबात बसत नाही. त्या सामन्याआधीच्या छत्तीस फेऱ्यांचे गुण मोठ्यांनी कमावले होते. पण दुसरी एक गोष्ट खरी आहे. त्या संध्याकाळी मैदानात असलेल्या पोरांच्या मनात भीती नव्हती, कारण त्यांना कोणी हरवलंच नव्हतं. पेर्फुमो आणि राइमोंदो यांना आणण्यामागेही हेच तत्त्व होतं, मैदानात अशी माणसं हवीत ज्यांच्या अंगाला मागचे पराभव चिकटलेले नाहीत. संपाने तेच तत्त्व टोकाला नेलं, कुणी न ठरवता.

आणि ही नुसती एका दिवसाची हवा नव्हती, याचा पुरावा चार महिन्यांत मिळाला. ऊनियोनहून लेओपोल्दो लुके आला आणि डिसेंबरात रिव्हरने नासियोनालही जिंकली. अठरा वर्षांत एकही नाही आणि एका वर्षात दोन.

नंतरचा हिशेब

१९७६ मध्ये रिव्हर पुन्हा लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीत पोचला. निर्णायक सामना पुन्हा सान्तियागोत, समोर क्रुझेरो. ०-२ वरून रिव्हरने २-२ केलं. अखेरच्या मिनिटांत क्रुझेरोला फ्री-किक मिळाली. नेलिन्यो मारणार म्हणून सगळे त्याच्याकडे बघत असताना झोआझिन्योने पळत येऊन चेंडू आत घातला. ३-२. त्याच वर्षी डिसेंबरात नासियोनालच्या अंतिम सामन्यात बोकाकडून १-० असा पराभव. फियोल भिंत लावत होता, तेवढ्यात सुन्येने फ्री-किक मारून टाकली. या गोलाचं चित्रीकरण बरीच वर्षं सापडलं नव्हतं, त्यामुळे तो नेमका कसा झाला हे प्रत्येकजण आपापल्या क्लबाप्रमाणे सांगत आला.

वर्षात असे दोन घाव. १९६६ नंतर संघ खचला होता, तसा १९७६ नंतर खचला नाही. १९७७ ची मेत्रोपोलितानो, १९७९ ची मेत्रोपोलितानो आणि नासियोनाल, १९८० ची मेत्रोपोलितानो अशी आणखी चार विजेतेपदं आली. १९७८ मध्ये अर्जेंटिना विश्वविजेता झाला तेव्हा अंतिम सामन्यात फियोल, पासारेला, लुके आणि ओर्तिस हे रिव्हरचे खेळाडू मैदानात होते, कप्तान पासारेलाच. देशात तेव्हा लष्कराची राजवट होती आणि त्या विश्वचषकाची चर्चा त्या राजवटीला वगळून कोणी करत नाही. पण लाब्रुनाच्या संघाने राष्ट्रीय संघाला कणा पुरवला, हेही खरं.

लाब्रुनाची बाजू मांडताना एक उणीव झाकून चालणार नाही. खंडातल्या क्लबांचा चषक, म्हणजे लिबर्तादोरेस, त्याला मिळाला नाही, ना खेळाडू म्हणून, कारण तेव्हा तो नव्हताच, ना प्रशिक्षक म्हणून. देशात जिंकणं आणि लिबर्तादोरेस जिंकणं यांत प्रवास, परकी मैदानं, वेगळ्या दर्जाचे पंच, रांगडा खेळ असं बरंच काही येतं. त्यासाठी लागणारा कडवेपणा त्याच्या संघात होता की नाही, यावर मतं वेगळी आहेत. मला वाटतं कडवेपणा होता, फक्त एका फ्री-किकपुरता कमी पडला.

१९८१ मध्ये क्लबने त्याला काढलं. सहा वर्षांत सहा विजेतेपदं देणाऱ्याला. त्याच्या जागी आला दि स्तेफानो, तोच ज्याने १९६९ मध्ये बोकाला मोनुमेंतालवर फेरी मारू दिली होती. त्याने त्याच वर्षीची नासियोनाल जिंकली आणि अलोन्सोशी बिनसवूनही घेतलं. अलोन्सो वेलेझला गेला.

लाब्रुनाने नंतर आर्खेंतिनोस ज्युनियर्सचं काम घेतलं. त्याच क्लबाचं, ज्याच्याविरुद्ध ब्रुनोने गोल केला होता. फियोलही तेव्हा तिथे होता. सप्टेंबर १९८३ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात असताना लाब्रुनाचं हृदय थांबलं. पासष्टावा वाढदिवस काही दिवसांवर होता आणि फियोल त्याला भेटायला आलेला होता. पुढच्या दोन वर्षांत आर्खेंतिनोसने साखळी जिंकली आणि १९८५ मध्ये लिबर्तादोरेसही, दुसऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. २८ सप्टेंबर हा लाब्रुनाचा जन्मदिवस रिव्हरचे चाहते आपला दिवस म्हणून पाळतात.

रिव्हरला लिबर्तादोरेस मिळाली १९८६ मध्ये. प्रशिक्षक एक्तोर वेइरा, जो खेळाडू म्हणून सान लोरेन्सोचा. कप्तान गायेगो, मूळ न्यूएल्सचा. आणि मधल्या फळीत वेलेझहून परत आणलेला, तेहतिशीतला अलोन्सो, ज्याला पंधरा वर्षांपूर्वी दिदीने पहिल्यांदा मैदानात उतरवलं होतं.